चौदा नंबरचं शीट

सोमवार, ४

साइटजवळच्या ऑफिसात सर्व्हर बसवून आलो. ऑफिस कसलं, दोन खोल्या, एक पंखा आणि पंख्याखाली लालपेन. हे आमचे तपासनीस. कागदाच्या काळात ड्रॉइंग समोर आलं की आधी लाल पेनाचं टोपण निघायचं, म्हणून हे नाव. आता कॉम्प्युटरवरही खुणा लालच करतात. पंपहाउसचं बांधकाम संपेपर्यंत ते तिथेच बसणार, आम्ही बाकीचे इथे मुख्य ऑफिसात. इथलं शीट तिथे दिसायला हवं आणि तिथली लाल खूण इथे, म्हणून दोन सर्व्हर आणि मधे सिंक. लालपेननी तपासून झालं की बटण दाबायचं, दोन्हीकडच्या फाइली सारख्या होतात. दिवसातून आठ-दहा वेळा.

इंटरनेटची लाइन दुपारपर्यंत आलीच नव्हती. तारीख-वेळ सगळं मनगटावरचं घड्याळ बघून हातानेच भरलं. लाइन सुरू झाली तेव्हा साडेपाचच्या बसची घाई. बस अर्थातच मिळाली. माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं म्हणून मिळते, पण हे घरी हिला कोण सांगणार? म्हणते, "तुमच्या घड्याळानं चाललं तर माणूस वेळेआधीच म्हातारा व्हायचा." हसू दे. पंचवीस वर्षांत माझी एक बस चुकलेली नाही.

गुरुवार, ७

आज सगळ्यांना नियम वाचून दाखवला. आपापल्या मशीनवर एकही फाइल ठेवायची नाही, थेट सर्व्हरवर काम करायचं. शीट दुरुस्त केलं की जुन्यावर सेव्ह करायचं नाही, पुढचं अक्षर देऊन नवं करायचं. चौदा-अ, चौदा-ब असं. कासव म्हणाला, "वायरवाले, आमच्या घरातसुद्धा एवढे नियम नाहीत." कासव म्हणजे आमचा जुना ड्राफ्ट्समन. एक आकडा बदलायला अर्धा तास, पण चूक शोधून सापडायची नाही.

त्याच्या उलट धाकटी. ही माझी मेहुणी, हिची सख्खी धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी माझ्या शब्दावर मॅडमनी, म्हणजे आमच्या ऑफिसप्रमुखांनी, तिला कामावर घेतलं. बोटं आहेत की शिवणयंत्र कळत नाही. लालपेन फोनवर चूक सांगून फोन ठेवतात न ठेवतात तोच शीट तयार. मला धाकधूकच असते. घाईचं काम, आणि वर माझी नातेवाईक. एखादा शब्द आला तर दोघांवर येणार.

मंगळवार, १२

धाकटी टेबलाशी येऊन उभी राहिली. "भाऊजी, माझं चौदा-ब गेलं."

"गेलं म्हणजे? पाय फुटले?"

"थट्टा नका करू. सकाळी सेव्ह केलं. डोळ्यांनी बघितलं. आता नाही. तिकडेही नाही."

शोधलं. नाही. सिंकनं काढलेली फाइल कचरापेटीतही पडत नाही, आणि बॅकअप होतो रात्री. दिवसा जन्मून दिवसाच मेलेल्या फाइलीचा मागमूस उरत नाही. मी म्हटलं, "सेव्ह करताना नीट बघत जा, भलत्या फोल्डरमध्ये पडली असेल." तिनं ओठ घट्ट मिटले आणि जाऊन दहा मिनिटांत पुन्हा करून ठेवलं. म्हणजे मुळात काही फार गेलं नव्हतं.

शुक्रवार, १५

आठवड्यात तीन शीटं गेली. तिन्ही धाकटीची. कासवाचं एकही नाही.

डोळ्यात तेल घालून तपासलं. आधी खाली जाऊन चहा घेऊन यायचं म्हणजे सर्व्हरला जरा उसंत मिळते, मग चाचणीची फाइल करायची आणि लालपेनना फोन करून बटण दाबायला लावायचं. अकरा वेळा केलं. अकराही वेळा फाइल जागच्या जागी, इथेही आणि तिथेही. लालपेन वैतागले. "अहो, तुमच्या बटणापायी माझं बोट झिजलं." पोटात चहा डचमळतोय. सर्व्हरला मात्र काहीही झालेलं नाही.

सोमवार, १८

साइटच्या सर्व्हरवरची सिंकची नोंदवही ओळ न ओळ वाचली. गेलेल्या प्रत्येक शीटपुढे एकच वाक्य. 'तिकडून काढलेली, म्हणून इकडूनही काढली.' वेळाही तपासल्या. नोंदवहीतलं शेवटचं सिंक आणि माझं घड्याळ मिनिटाला मिनिट जुळत होतं, त्यामुळे तिथे शंकेला जागाच नाही.

म्हणजे कोणीतरी साइटच्या सर्व्हरवरून फाइल काढतंय. तिथे हात पोहोचतो तिघांचाच. लालपेन, मी आणि धाकटी. लाल खुणा लगेच बघता याव्यात म्हणून तिला मीच वाट उघडून दिली होती. लालपेन म्हणतात, "मी ते शीट पाहिलंच नाही, काढू कुठून?" मी काढलेलं नाही.

ती घाईत चुकीचं शीट करते, मग लक्षात आल्यावर गुपचूप तिकडून काढते आणि वर 'गेलं' म्हणून ओरडते, असं असेल का? असं करणाऱ्यांतली ती नाही. पण मग कोण? यंत्र खोटं बोलत नाही.

मंगळवार, १९

व्हायचं ते झालं. चौदा नंबर म्हणजे पंपहाउसची मागची भिंत. त्यातून मोठा पाइप बाहेर जातो. शनिवारी लालपेनच्या लक्षात आलं की पाइपाचं भोक हातभर खाली दाखवलंय. त्यांनी फोन केला, धाकटीनं चौदा-ड केलं, आणि ते सोमवारी सकाळी साइटवर गेलंच नाही, कारण ते कुठेच नव्हतं. साइटवाल्यांनी समोर होतं त्या चौदा-क वरून भिंत ओतली. आता भोक हातभर खाली आणि काँक्रीट घट्ट. भिंत फोडावी लागणार.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला उद्या दुपारपर्यंत लेखी हवं. सर्व्हर की माणूस, एवढंच. माणूस असेल तर तो माणूस इथे राहणार नाही." नंतर मला थांबवून म्हणाल्या, "ती तुमच्या घरातली आहे, मला माहीत आहे. म्हणूनच विचारते, लिहाल ना खरं?"

ते वाक्य मला झोंबलं. पंचवीस वर्षांत कोणी माझ्याकडे बोट दाखवलेलं नाही.

बुधवार, २०

लिहिलं. 'सिंकमध्ये दोष आढळला नाही. अकरा चाचण्या यशस्वी. फाइली माणसाच्या हातून काढल्या गेल्या असाव्यात.' नाव घातलं नाही. घालायची गरजच नव्हती.

मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले होते, लालपेन फोनवर. मॅडमनी कागद वाचला. धाकटी उभी राहिली. "मी चौदा-ड केलं होतं. भोक वर घेतलं होतं. मी ते काढलेलं नाही. मी खोटं बोलत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा."

मी माझ्या कागदाकडे बघत राहिलो. आपलं माणूस म्हणून झाकलं, असं कोणी म्हणायला नको होतं मला. कासव खोकला.

तिनं ड्रॉवरमधली पट्टी, पाण्याची बाटली आणि स्वेटर पिशवीत भरला. आणि निघून गेली.

घरी मी सांगायच्या आत हिला कळलं होतं. ताट वाढलं, समोर ठेवलं आणि म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी."

"पुरावा आहे."

"असू दे. ती सहा वर्षांची होती तेव्हा तिच्या हातून काचेचा जग फुटला. घरात कोणी नव्हतं. मांजरावर ढकलता आलं असतं. आई येईपर्यंत तुकडे ओंजळीत घेऊन दारात बसून राहिली होती. ती मुलगी लपवाछपवी करेल?"

मी म्हटलं, माणसं मोठी झाली की बदलतात. ही उठून आत गेली. मी जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

शुक्रवार, २२

दोन दिवसांत एकही फाइल गेली नाही. धाकटीचं काम कासव करतोय. त्याच्या टेबलावर शीटांचा ढीग झालाय, साइटवाले फोनवर फोन करतायत, पण फाइली जागेवर आहेत. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "कठीण होतं, पण तुम्ही केलंत."

म्हणजे माझंच खरं ठरलं. मग बरं का वाटत नाही?

सोमवार, २५

अजून एकही नाही. ही माझ्याशी कामापुरतं बोलते. 'गॅस संपत आला', 'नळवाला येऊन गेला'. फोनवर बहिणीशी बोलते तेव्हा दार लोटून घेते. मला दारातून एवढंच ऐकू आलं, "नाही गं, तिथेही विचारतीलच ना, आधीचं का सोडलं म्हणून."

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. या धंद्यात सगळी ऑफिसं एकमेकांना ओळखतात. ड्रॉइंग चुकलं तर माफी असते, फाइल लपवली म्हटलं की कोणी दारात उभं करत नाही. म्हणजे मी तिची नोकरीच नाही, नावही घालवलं. खरं असेल तर घालवायलाच हवं होतं. खरं असेल तर.

बुधवार, २७

सकाळी साडेअकराला कासव आला. याला मी कधी घाईघाईत चालताना पाहिलेलं नाही. चेहरा पांढरा.

"वायरवाले, माझं बावीस-ब गेलं."

मी पडद्याकडे वळलो. तोच बोलत होता. "जन्मात पहिल्यांदा पाच मिनिटांत काम केलं हो. साइटवाला फोन धरूनच बसला होता, एकच आकडा होता, म्हटलं देऊन टाकू. केलं, सेव्ह केलं, आता नाही. मी नाही काढलं. तुम्हाला माहीत आहे, तिकडे कसं जायचं तेसुद्धा मला येत नाही."

पाच मिनिटांत. मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. धाकटी नेहमीच पाच मिनिटांत करायची. कासव अर्ध्या तासात. आणि मी माझ्या अकरा चाचण्या चहा पिऊन करायचो.

लगेच नवी फाइल केली. लालपेनना म्हटलं, बटण दाबा. दाबलं. तीन मिनिटांनी दुसरी फाइल केली आणि ती केल्या केल्या म्हटलं, पुन्हा दाबा. दुसरी फाइल माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावरून गेली. पहिली तिथेच. पुन्हा केलं. पुन्हा गेली.

बारा वाजताची बस पकडून साइट गाठली. लालपेन पंख्याखाली बसले होते. मी सर्व्हरपुढे बसलो. पडद्यावरची वेळ बघितली, मनगट बघितलं. तंतोतंत. लालपेन मागून म्हणाले, "ते दहा मिनिटं पुढे आहे बरं का. पहिल्याच दिवशी माझ्या फोनशी ताडून बघितलं होतं. म्हटलं तुमची काहीतरी पद्धत असेल, आपण कशाला बोला."

"तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कधी? अकरा वेळा बटण दाबायला लावलंत फक्त."

मग सगळं उघड झालं, इतकं सोपं की रडू यावं. लालपेन अकराला बटण दाबतात. साइटचा सर्व्हर लिहून ठेवतो, 'अकरा दहापर्यंतच्या सगळ्या फाइली माझ्याकडे आल्या.' धाकटी अकरा पाचला नवं शीट करते. पुढच्या फेरीला सर्व्हर म्हणतो, हे अकरा पाचचं, म्हणजे माझ्या यादीच्या आधीचं. आधीचं आहे आणि माझ्याकडे नाही, म्हणजे माझ्याकडून काढलेलं असणार. काढा. जो दहा मिनिटांहून जास्त वेळ लावतो तो वाचतो. जो पटकन करतो त्याचं जातं. सगळ्या ऑफिसात पटकन करणारी एकच होती.

आणि ते घड्याळ मी लावलं होतं. कोणी नाही, मी. लाइन आल्यावर वेळ आपोआप जुळवायची खूण करायची असते, ती बसच्या घाईत राहिली. एका मिनिटाचं काम. ते केलं, चाचणीची फाइल केली, लगेच बटण दाबलं. फाइल राहिली. पुन्हा केलं, राहिली. मग बाहेर पायरीवर बसलो. समोर ती भिंत फोडत होते. प्रत्येक घाव ऐकू येत होता.

गुरुवार, २८

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की?" मग म्हणाल्या, "ठीक आहे. तांत्रिक बिघाड असं लिहू. ती परत येईल, तुमचंही राहील. कोणाचं नाव नको."

मोह झाला. इथे खोटं लिहून काय करू, खूप मोह झाला. पंचवीस वर्षांचं नाव, आणि समोरून सुटका चालून आलेली. पण मग ते टेबल आठवलं, आणि 'तुम्ही तरी सांगा'.

म्हटलं, "मॅडम, बिघाड कसला? सर्व्हरनं तर सांगितलं तसंच केलं. बिघाड माझा. आणि मागच्या बुधवारी जे सगळे त्या टेबलाशी होते, त्यांच्यासमोरच सांगणार."

सांगितलं. शाळेत फळ्यापुढे उभं करतात तसा उभा राहून. घड्याळ, बस, चहा, सगळं सांगितलं. लालपेन फोनवरून म्हणाले, "मीही बोललो नाही, माझंही लिहा." कासव म्हणाला, "पोरगी बिचारी." मॅडमनी माझा पहिला कागद माझ्यासमोर फाडला आणि दुसरा लिहून घेतला, माझ्या नावासकट. सर्व्हरची जबाबदारी महिनाभर दुसऱ्याकडे, मी त्याच्या हाताखाली. कमीच झालं.

ज्या ऑफिसात धाकटी परवा नोकरीसाठी भेटून आली होती तिथे मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं की तिच्याकडून काहीही झालेलं नाही.

शनिवार, ३०

हिच्याबरोबर धाकटीकडे गेलो. जिने चढताना ही म्हणाली, "भाषण नका करू." मी रात्रभर भाषणच तयार केलं होतं.

धाकटीनं दार उघडलं, बहिणीला आत घेतलं, मला खुर्ची दिली. मी म्हटलं, "चूक माझी होती. सगळी. तुझं शीट बरोबर होतं. मॅडमनी परत बोलावलंय."

"कळलं. ताईनं सांगितलं."

"मला माफ कर."

ती शांत होती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. "घड्याळाचं राहू दे," ती म्हणाली. "घड्याळ कोणाचंही चुकतं. तुम्ही त्या सर्व्हरला अकरा वेळा विचारलंत. मला एकदाही नाही. नुसतं शेजारी येऊन बसला असतात, 'कसं करतेस, दाखव' म्हणाला असतात, तरी दुसऱ्या मिनिटाला तुमच्यासमोरच गेलं असतं ते शीट. माझं टेबल तुमच्यापासून सात पावलांवर आहे."

ही डोळे पुसत होती. धाकटीनंच उठून पाणी आणलं, आधी बहिणीला, मग मला. सोमवारी येते म्हणाली. काम आवडतं, म्हणून येते म्हणाली.

सोमवार, १

आली. वेळेवर आली, पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली, कामाला लागली. सकाळी पहिलं शीट चार मिनिटांत केलं. मी सात पावलं चालून गेलो आणि शेजारी उभा राहून सिंक होईपर्यंत बघत राहिलो. शीट राहिलं. ती म्हणाली, "झालं ना?" मी मान हलवली. कासवानं सगळ्यांना चहा सांगितला, तिला हसवलंही. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

संध्याकाळी घरी फोन वाजला. ही बाथरूममध्ये होती म्हणून मी घेतला. धाकटीचा आवाज. मी उगाचच आनंदानं "बोल गं" म्हटलं.

ती म्हणाली, "सर, ताई आहे का?"

मी "देतो" म्हटलं आणि बाथरूमच्या दाराशी फोन घेऊन उभा राहिलो.